डॉ. लिव्हिंग्स्टन व फसवा ताप

आफ्रिकेत सुवार्ता नेणारे डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन (१८१३–१८७३) आमच्या वाचकांस ठाऊक आहेतच. त्यांच्या प्रवासांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही येथे त्यांच्या वैद्यकीविषयी थोडे सांगतो.

१८५८ साली सुरू झालेल्या झांबेझी नदीच्या सफरीत हिवतापाची एक निराळीच खूण त्यांच्या ध्यानात आली. हसतमुख सोबती एकाएकी उदास होई, जो तो आपला अपमान करितो असे त्यास वाटे, उगाच भांडे. हा दोष त्या मनुष्याचा नसून तापाचा, हे डॉक्टरसाहेबांनी ओळखले. कोयनेल व रेचक मिळून केलेली गोळी ते आजाऱ्यांस देत. (रुसलेल्या बंधूस बोल लाविण्यापूर्वी आम्हीही त्याच्या कपाळास हात लावून पाहिला नाही, असे अनेकदा झाले आहे.)

पुढे १८६२ च्या एप्रिलात शुपांगा येथे त्यांची पत्नी मेरीबाई तापाने पडल्या. वांती थांबेना, औषध पोटात ठरेना. आज अशा रोग्यास सुईवाटे औषध देता येते. म्हणून वांती न थांबणारा, बरळणारा वा गुंगीत पडलेला तापकरी भूतबाधा समजून घरी ठेवू नये, तत्काळ दवाखान्यात नेऊन त्याचे रक्त तपासवावे. मेरीबाईंच्या वेळी हा उपाय नव्हता. ता. २७ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. पतीने त्यांस तेथेच एका थोर गोरखचिंचेखाली मूठमाती दिली.