पूर्णेच्या काठी संपलेला शहजादा

बुलडाणा : देऊळगाव राजा परिसरातून खडकपूर्णा या नावाने वाहणारी पूर्णा पुढे गोदावरीस मिळते. जिल्ह्याच्या उत्तर भागातून तापीकडे जाणारी पूर्णा वेगळी. या दक्षिणेकडील पूर्णेच्या काठी, दौलताबादपासून वीस कोसांवरील दिहारी येथे, मे १५९९ मध्ये अकबर बादशहाचा मधला मुलगा शहजादा मुराद मरण पावला. वय अवघे २८. जवळच्याच सिंदखेडला जिजाऊंचा जन्म होऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. इतिहासाच्या पुस्तकांत मुरादचा निकाल बहुधा एका शब्दात लावला जातो : मद्यपी. हा शब्द खोटा नाही. मात्र तो अपुरा आहे.

मुरादचा जन्म जून १५७० मध्ये सिक्रीच्या टेकडीवर झाला, म्हणून लाडाने त्याला पहाडी म्हणत. अकबराच्या दरबारी आलेल्या जेझुइट पाद्र्यांपैकी मोन्सेरात याच्याकडे त्याचे काही शिक्षण झाले. अकरा वर्षांचा असतानाच काबूलच्या स्वारीत त्याला आघाडीच्या फौजेबरोबर धाडण्यात आले. पुढे माळव्याची आणि मग गुजरातची सुभेदारी त्याच्याकडे आली. पंचविशीत अहमदनगर जिंकण्याची कामगिरी त्याच्यावर सोपविण्यात आली.

डिसेंबर १५९५ मध्ये मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला. सुरुंगाने तटाला खिंडार पडले. परंतु चांदबिबीने ते रातोरात बुजवून घेतले. अखेर १५९६ मध्ये तह झाला आणि वऱ्हाड मोगलांना मिळाले. आजचा बुलडाणा जिल्हा असा दिल्लीच्या सत्तेखाली आला. मेहकर हे सरकारचे ठाणे होते आणि लोणारच्या क्षारांची नोंद आईन-ए-अकबरीत आढळते. मुरादने बाळापूरजवळ शाहपूर वसवून तेथे मुक्काम केला.

वरकरणी हे यश होते. प्रत्यक्षात छावणीत दोन तट पडले होते. खानखानान अब्दुर रहीम, म्हणजे दोह्यांचा रहीम, आणि शहजाद्याचा पालक सरदार सादिक खान यांचे पटत नव्हते, आणि मुरादचेही खानखानानशी जमले नाही. १५९७ च्या प्रारंभी गोदावरीकाठी आष्टीजवळ मोठी लढाई झाली, तेव्हा सेनापती म्हणून ज्याचे नाव होते तो मुराद रणांगणावर नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचा नऊ वर्षांचा मुलगा रुस्तम गेला. येथून पुढची घसरण वेगाने झाली. दारू वाढली, उदासी वाढली, अपस्माराचे झटके येऊ लागले.

बातम्या दरबारी पोहोचत होत्याच. मुरादला घेऊन येण्यासाठी अकबराने १५९९ च्या आरंभी अबुल फजलला दक्षिणेत पाठविले. ही चाहूल लागताच मुरादने अहमदनगरच्या मोहिमेचे निमित्त काढून कूच केले. बापासमोर या अवस्थेत उभे राहण्यापेक्षा त्याला युद्ध सोपे वाटले असावे. अबुल फजल पोहोचला तेव्हा उशीर झाला होता. शहजादा गेलेला आणि छावणीत गोंधळ माजलेला. तो शांत करण्यातच त्याचे पहिले दिवस गेले. हा वृत्तांत आपल्याला मुख्यत्वे त्याच्याच लेखणीतून मिळतो, आणि तो बादशहाचा माणूस होता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

चारशे वर्षांपूर्वीच्या रुग्णाचे निदान आज करणे धाडसाचे ठरेल. तरीही दुःख, उदासी, झटके आणि मद्य ही गुंतागुंत मानसोपचारतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाची आहे. मन बधिर करण्यासाठी माणूस पितो, पिण्याने उदासी गडद होते, आणि शरीराला सवय लागल्यावर दारू अचानक तुटली तर झटके व भ्रम होऊ शकतात. व्यसन आणि मनोविकार यांपैकी एकावरच इलाज केला, तर दुसरा पहिल्याला परत आणतो. म्हणून दोहोंवर एकत्र उपचार करण्याकडे आता कल आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येतच स्थान दिले.

मुरादचे दोन्ही भाऊ याच वाटेने गेले. थोरला सलीम, पुढचा जहांगीर, आपल्या आत्मचरित्रात दिवसाला वीस प्याले दुबार गाळलेली दारू पीत असल्याची कबुली देतो. हकीम हुमाम याने स्पष्ट शब्दांत इशारा दिल्यावर त्याने सात वर्षांत हे प्रमाण सहा प्याल्यांवर आणले. सोबत अफूचे मिश्रण मात्र सुरू केले. तो जगला तो बहुधा या संथ कपातीमुळे आणि स्वतःविषयी बोलण्याच्या तयारीमुळे.

धाकटा दानियाल बऱ्हाणपुरात, म्हणजे आपल्या मलकापूर-जळगाव जामोदच्या पलीकडेच होता. त्याच्यावर पहारा बसविण्यात आला आणि देखरेख होती त्याच खानखानानची, जो आता त्याचा सासरा होता. दारू आत येऊ नये म्हणून कडक तपासणी होई. तेव्हा दानियालने आपल्या शिकारीच्या आवडत्या बंदुकीच्या नळीत दारू भरून आणविली. गंज आणि बारुदीचा अंश मिसळलेली ती दारू पिऊन १६०५ मध्ये तो मरण पावला. त्याच वर्षी अकबरही गेला.