छायालेखक साहेबमामा फत्तेलाल

चित्रपट पाहून आल्यावर आपण नटांची नावे घेतो. फार तर गाणी कोणी म्हटली ते विचारतो. पण तो सारा देखावा ज्याच्या डोळ्यांनी आपण पाहिला, त्या कॅमेरा चालवणाऱ्या माणसाचे नाव सहसा कोणी विचारत नाही. शेख फत्तेलाल हे अशांपैकी एक नाव. चित्रपटाच्या धंद्यातील माणसे त्यांना आदराने साहेबमामा म्हणत.

आपल्या जुन्नर तालुक्यात ओतूर हे गाव आहे. तेथे बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. ते संत तुकारामांचे गुरू होते, असे वारकरी मानतात. त्याच तुकारामांचे जीवन पडद्यावर आणणाऱ्या दोन दिग्दर्शकांपैकी एक म्हणजे हे फत्तेलाल.

फत्तेलाल मूळचे कोल्हापूरजवळच्या कागलचे. त्या काळी कोल्हापुरात शाहू महाराजांचे राज्य होते. गवई, मल्ल, चित्रकार, नाटकवाले अशा सर्वांना तेथे आश्रय मिळे. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे दोघे चुलतभाऊ त्या शहरात चित्रे रंगवत. लोक त्यांना पेंटर म्हणत आणि पुढे तेच त्यांचे आडनाव झाले. नाटक कंपन्यांना राजवाडा, अरण्य, रस्ता असे रंगवलेले पडदे लागत. या भावांच्या हाताखाली फत्तेलाल रंगकाम शिकले. सपाट कापडावर खोल दालन दाखवायचे, तर उजेड कोणत्या बाजूने येतो आणि सावली कोठे पडते हे नेमके ठाऊक असावे लागते. हे ज्ञान त्यांना पुस्तकातून मिळाले नाही. हातात कुंचला धरून, उस्तादाच्या शेजारी उभे राहून त्यांनी ते मिळवले. (उस्ताद, कारागीर, पडदा, नक्षी हे शब्द तुम्ही घरी बोलता ना? फारसीच्या वाटेने ते मराठीत आले आणि मराठीच होऊन गेले.)

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. तेव्हापासून कोल्हापूरच्या या चित्रकारांना हलत्या चित्रांचे वेड लागले. १९१६ साली आनंदराव वारले, तरी बाबूरावांनी नाद सोडला नाही. परदेशी कॅमेरा विकत घेणे परवडण्यासारखे नव्हते. मग विष्णुपंत दामले या यंत्रांत रमणाऱ्या सहकाऱ्याला बरोबर घेऊन त्यांनी कॅमेरा कोल्हापुरातच तयार केला! १९१८ च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये तिचा 'सैरंध्री' हा मूकपट पुण्यात लोकांनी पाहिला. फत्तेलाल या कंपनीत पहिल्यापासून होते. ते देखावे उभारत आणि कॅमेराही चालवत.

कॅमेरा चालवणे म्हणजे काय, हे आज कळणे कठीण आहे. आता बटण दाबले की काम होते. त्या वेळी कॅमेऱ्याला एक दांडी असे आणि ती हाताने फिरवावी लागे. एका फेऱ्यात फिल्मवर आठ चित्रे उमटत. सेकंदाला साधारण सोळा चित्रे हवीत, म्हणून सेकंदाला दोन फेरे. समोर लढाई चालो की घोडे उधळोत, हाताचा वेग बदलता कामा नये. हात मंदावला तर पडद्यावर माणसे धावत सुटल्यासारखी दिसत, आणि हात घाईने फिरला तर ती रेंगाळत. त्यामुळे कॅमेरा चालवणारे मनातल्या मनात आकडे मोजत.

देवादिकांच्या कथांत चमत्कार असत. तेही या दांडीनेच करायचे. एखादा देव एकाएकी अंतर्धान पावायचा असेल, तर कॅमेरा थांबवायचा, नटाला बाजूला काढायचे आणि बाकी कोणी तसूभरही न हलता पुन्हा दांडी फिरवायची. एकाच चित्रात दोन देखावे हवे असतील, तर भिंगाचा अर्धा भाग झाकून चित्र घ्यायचे. मग फेरे मोजून फिल्म अंधारात मागे न्यायची आणि दुसरा अर्धा भाग उघडून पुन्हा तेवढेच फेरे मारायचे. एक फेरा चुकला की सगळे काम वाया. चूक झाली की नाही, हे फिल्म धुतल्यावरच समजे.

चित्रीकरण बहुधा उन्हात होई. ढग आला की काम थांबे. १९२३ च्या 'सिंहगड' या मूकपटात मात्र रात्रीचे प्रसंग दाखवण्यासाठी कृत्रिम दिव्यांचा वापर झाला. तानाजीचा पराक्रम रात्रीचा. तो भर दुपारच्या उन्हात कसा शोभणार?

१९२८ मध्ये दामले आणि फत्तेलाल यांनी 'महारथी कर्ण' हा मूकपट दिग्दर्शित केला. पुढच्याच वर्षी, १ जून १९२९ रोजी, कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी असे पाच भागीदार होते. 'गोपाळ कृष्ण' हा प्रभातचा पहिला मूकपट. जुन्या गुरूला सोडून येणे त्यांना सोपे गेले नसेल, पण बाबूरावांकडून घेतलेली कला त्यांनी आपल्याबरोबर आणलीच.

लवकरच बोलपट आले. १९३२ मध्ये प्रभातने 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट काढला. आता कॅमेऱ्याची घरघर ध्वनियंत्रात शिरू लागली आणि कामाची सारी रीतच बदलली. हाताने दांडी फिरवण्याचे दिवस संपले. दामल्यांनी ध्वनिमुद्रण सांभाळले. फत्तेलालांनी कलादिग्दर्शन, म्हणजे देखाव्यांची रचना, आपल्याकडे घेतली. कॅमेरा हातातून गेला, पण त्यांची नजर कॅमेरेवाल्याचीच राहिली. कोणता खांब कोठे उभा केला म्हणजे त्याची सावली नटाच्या मागे पडेल, हे ते भिंत बांधण्यापूर्वीच ओळखत असणार. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला आली. 'अमृतमंथन', 'कुंकू', 'माणूस' या चित्रपटांतील देवळे, वाडे, गल्ल्या पाहिल्या की ही गोष्ट पटते. १९४१ च्या 'शेजारी' या चित्रपटातील गाव आणि धरण यांचे देखावेही त्यांचेच. एका हिंदू आणि एका मुसलमान शेजाऱ्याच्या मैत्रीची ती कथा आहे. 'पडोसी' या तिच्या हिंदी रूपात तर हिंदू शेजाऱ्याचे काम मझहर खान यांनी केले आणि मुसलमान शेजाऱ्याचे गजानन जागीरदार यांनी!

पण दामले आणि फत्तेलाल या जोडीचे खरे मोठे काम म्हणजे १९३६ चा 'संत तुकाराम'. दोघांनी मिळून तो दिग्दर्शित केला. विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले आणि गौरी नावाच्या अभिनेत्रीने त्यांची पत्नी जिजाई रंगवली. कॅमेरा व्ही. अवधूत यांच्याकडे होता. देहू गाव प्रभातच्या आवारात उभे राहिले. ते पाहताना कोणी मुद्दाम मांडलेला देखावा पाहत आहोत असे वाटत नाही. दारातली म्हैस, चूल, घरातली ओढाताण, नवऱ्यावर चिडणारी आणि त्याच्यासाठी झुरणारी जिजाई, हे सारे आपल्या एखाद्या शेजारच्या घरातले वाटते. शिवनेरीवर जन्मलेले शिवाजी महाराज तुकारामांना नजराणा पाठवतात आणि तुकाराम तो परत करतात, हा प्रसंगही त्यात आहे. शेवटी आकाशातून विमान येते व तुकाराम त्यात बसून जातात. जिजाई मात्र खालीच राहते. चमत्काराइतकेच लक्ष मागे राहिलेल्या त्या बाईकडे द्यावे, हे या दोघांना सुचले. माझ्या मते चित्रपटाचे मोठेपण येथे आहे.

मुंबईच्या सेंट्रल सिनेमागृहात हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ मध्ये इटलीतील व्हेनिस येथील महोत्सवात त्याचा गौरव झाला. नारायणगावच्या तमाशा फडांचे तंबू तुम्हांला ठाऊक आहेत. तसेच तंबू घेऊन फिरते सिनेमावाले गावोगावच्या जत्रांत जात. त्या तंबूंतूनही 'संत तुकाराम' पुढे कित्येक वर्षे दाखवला गेला. हिंदू ब्राह्मण दामले आणि मुसलमान फत्तेलाल यांनी मिळून वारकऱ्यांच्या संताचे चित्र काढले, आणि वारकऱ्यांनी ते आपले मानले.

त्यानंतर या जोडीने 'गोपाळ कृष्ण' बोलपटाच्या रूपात केला. १९४० मध्ये 'संत ज्ञानेश्वर' आला. त्यातली चालणारी भिंत पाहताना मूकपटांच्या दिवसांतील ती फेरे मोजण्याची सवय आठवल्यावाचून राहत नाही.

पुढचे दिवस चांगले नव्हते. १९४२ मध्ये शांताराम प्रभात सोडून गेले. १९४५ मध्ये दामले वारले. पेंटरांच्या कारखान्यापासून जमलेली जोडी फुटली. प्रभातचे कामकाज हळूहळू थंडावले आणि १९५३ च्या सुमारास ती बंदच पडली. फत्तेलाल यांनी त्यानंतर 'जगद्गुरू शंकराचार्य' हा हिंदी चित्रपट १९५५ मध्ये दिग्दर्शित केला. या वेळी दामले शेजारी नव्हते.

१९६४ मध्ये साहेबमामांचे निधन झाले. त्याच्या चारच वर्षे आधी प्रभातच्या आवारात सरकारने चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था सुरू केली होती. जुन्नर किंवा मंचरहून पुण्याला गेलात, तर लॉ कॉलेज रस्त्यावर ती पाहायला मिळेल. तेथे मुले-मुली कॅमेरा चालवायला शिकतात. जुन्या फिल्मा जपणारे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही पुण्यातच, १९६४ साली सुरू झाले. 'संत तुकाराम' आजही पाहता येतो. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट मात्र नाहीसे झाले. त्या काळची फिल्म चटकन पेट घेणारी होती, ठेवली तरी कालांतराने तिचा भुगा होई. मोजक्या फितींचे तुकडे तेवढे उरले आहेत.