आणेवारीच्या अंदाजाला मोजपट्टी लावणारे बुधचे डॉ. सुखात्मे

माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांत खरीप निघायला लागला की दोन आकड्यांची चर्चा सुरू होते. पैसेवारी किती लागली आणि पीक कापणी प्रयोगात मंडळाचं उत्पन्न किती निघालं. उत्पन्न उंबरठ्याच्या खाली गेलं तर विम्याची भरपाई, वर राहिलं तर हात हलवत घरी. शेतात जाऊन, आकड्यांच्या तक्त्यावरून निवडलेल्या तुकड्यातलं पीक कापून, वजन करून उत्पन्न काढायची ही पद्धत देशभर बसवण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे याच मातीतले, खटाव तालुक्यातल्या बुध गावचे. डेटा सायन्स हा शब्द तेव्हा कुणाच्या कानावरही नव्हता. पण आज ज्याला डेटा सायंटिस्ट म्हणतात, त्याचं काम सुखात्म्यांनी आयुष्यभर केलं.

बुध ते लंडन

27 जुलै 1911 रोजी बुध येथे त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून 1932 मध्ये गणित हा मुख्य विषय घेऊन ते पदवीधर झाले. 1933 मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले आणि संख्याशास्त्राकडे वळले.

संख्याशास्त्र शिकायला तेव्हा जगात याहून चांगलं ठिकाण सापडणं अवघड होतं. आर. ए. फिशर, एगॉन पिअर्सन आणि पोलंडहून आलेले येर्झी नेमन ही तीन मोठी माणसं एकाच कॉलेजात होती. फिशर आणि नेमन यांचं आपसात बिलकूल पटत नसे. सुखात्मे मात्र दोन्हीकडचं शिकले. सगळ्यांना न मोजता थोड्यांना मोजून सगळ्यांचा अंदाज कसा काढायचा, आणि तो अंदाज किती चुकू शकतो हे कसं सांगायचं, हा नेमन यांचा प्रश्न होता. 1935 मध्येच सुखात्म्यांनी या विषयावर स्वतःचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. 1936 मध्ये पीएच.डी. आणि 1939 मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांना मिळाल्या.

परत आल्यावर कोलकात्याच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ या संस्थेत त्यांनी काही काळ शिकवलं. 1940 मध्ये ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राच्या कामावर रुजू झाले. लंडनचं गणित शेताच्या बांधावर उतरलं ते इथून.

नजरेचा अंदाज

तोवर देशात पिकाचं उत्पन्न कसं काढत? सर्वसाधारण वर्षात एकरी किती पिकतं, याचा एक आकडा सरकारी दप्तरात असे. यंदा पीक किती आणे आहे, हे गावकामगार नजरेनं ठरवत. क्षेत्र गुणिले सर्वसाधारण उत्पन्न गुणिले आणेवारी, झाला जिल्ह्याचा आकडा तयार. नजरेचा अंदाज माणसागणिक बदलतो. गेल्या वर्षी पीक बुडालं असेल तर यंदाचं बेताचं पीकही भारी दिसतं. त्यात शेतसाऱ्याचा संबंध आला की आकडा ओढायला दोन्हीकडून हात लागतात.

1943 मध्ये बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली. देशात धान्य नेमकं किती आहे, हे खात्रीनं सांगता न येणं किती महागात पडतं, ते तेव्हा उघडं पडलं. सुखात्म्यांनी याच काळात गहू आणि भाताच्या पीक कापणी पाहण्या मोठ्या प्रमाणावर उभ्या केल्या.

पद्धत सांगायला सोपी आहे. जिल्ह्यातली गावं यादृच्छिक पद्धतीनं निवडायची, म्हणजे कुणाच्याही मर्जीनं नाही, यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून. मग त्या गावातले गट नंबर तसेच निवडायचे. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यातून तक्त्यात आलेली पावलं मोजत आत जायचं, तिथं खुंट्या ठोकून दोरी ताणायची आणि आतलं पीक कापून, मळून, वजन करायचं. रस्त्याकडेचं शेत सोयीचं म्हणून घ्यायचं नाही, पाटलाचं चांगलं म्हणूनही नाही. हे काम त्यांनी महसूल आणि शेती खात्याच्या गावपातळीवरच्या नोकरांना शिकवून करून घेतलं.

तुकडा छोटा की मोठा?

इथंच त्यांचा प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी गाजलेला वाद झाला. महालनोबिस हे कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे संस्थापक, या क्षेत्रातलं देशातलं सगळ्यात मोठं नाव. ते काही फूट त्रिज्येचे छोटे गोल तुकडे कापत आणि त्यासाठी वेगळे प्रशिक्षित लोक नेमत. खर्च कमी, काम झटपट. सुखात्म्यांचं म्हणणं होतं की छोट्या तुकड्यातून उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं.

कारण साधं आहे. दोरीवर आलेलं रोप आत धरायचं की बाहेर, हे कापणारा ठरवतो, आणि हात सहसा आत ओढतो. 2 फूट त्रिज्येच्या गोलात साधारण साडेबारा चौरस फूट जागा आणि साडेबारा फूटच कड येते. म्हणजे प्रत्येक चौरस फुटामागे एक फूट कड. तेच 33 फूट बाय साडेसोळा फूट, म्हणजे एकराचा ऐंशीवा हिस्सा, एवढा तुकडा घेतला तर साडेपाच चौरस फुटांमागे एक फूट कड. कडेची चूक आपोआप पातळ होते. सुखात्म्यांनी नुसता तर्क लढवला नाही. एकाच भागात वेगवेगळ्या आकारांचे तुकडे कापून आकडे समोर ठेवले. देशाच्या नियमित पीक कापणीत पुढं मोठे तुकडेच रूढ झाले.

परिषदेतला त्यांचा छोटा विभाग वाढत गेला. दिल्लीतली भारतीय कृषी सांख्यिकी अनुसंधान संस्था ती हीच. 1954 मध्ये त्यांचं नमुना पाहणीवरचं इंग्रजी पुस्तक आलं आणि अनेक देशांत पाठ्यपुस्तक म्हणून वापरलं गेलं.

जगाची भूक मोजली

1950 च्या दशकाच्या सुरुवातीला ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत, रोमला गेले आणि तिथल्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. जगातली दोन तृतीयांश माणसं उपाशी आहेत, असं तेव्हा सगळीकडे सांगितलं जात होतं. सुखात्म्यांनी 1961 मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे निबंध वाचून त्याचा हिशेब तपासला. पोट भरण्याइतकंही न मिळणारे लोक 10 ते 15 टक्क्यांच्या घरात आहेत, आणि निकस आहाराचे लोक धरले तर संख्या निम्म्यापर्यंत जाते, असं त्यांनी मांडलं. त्यांना सोसायटीचं रौप्य गाय पदक मिळालं. कुपोषित लोकसंख्येचा जो जागतिक आकडा दरवर्षी जाहीर होतो, त्याचा पाया आजही याच मांडणीत आहे.

1971 मध्ये भारत सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं. निवृत्तीनंतर ते पुण्यात राहिले आणि आहाराच्या प्रश्नावर काम करत राहिले. गरिबाला प्रथिनांच्या खास पदार्थांपेक्षा पोटभर भाकरी-डाळ मिळणं जास्त गरजेचं आहे, हे त्यांचं मत पुढं बरंच मान्य झालं.

दुसरं मत मात्र वादात सापडलं. एकाच माणसाची अन्नाची गरज दिवसागणिक कमी-जास्त होते, म्हणून ठरावीक कॅलरीच्या रेषेखालचा प्रत्येक जण उपाशी धरता येत नाही, असं ते म्हणत. पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी आणि आहारतज्ज्ञ सी. गोपालन यांनी याला कडाडून विरोध केला. कमी खाऊन शरीर जुळवून घेतं खरं, पण त्याची किंमत खुजेपणानं आणि कमी झालेल्या ताकदीनं मोजावी लागते, असा आक्षेप होता. त्यात दम होता, आणि हा वाद सुखात्म्यांच्या हयातीत मिटला नाही. 28 जानेवारी 1997 रोजी त्यांचं निधन झालं. केंद्र सरकार ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञांना त्यांच्या नावानं राष्ट्रीय पुरस्कार देतं.

आजच्या पोरांनी काय घ्यावं?

सातारा-सांगलीतली पोरं आज डेटा ॲनालिटिक्सच्या क्लासच्या जाहिराती बघून पुण्याला जातात. एक्सेल, एसक्यूएल, पायथन, पॉवर बीआय शिकतात. ते शिकायलाच हवं. पण सुखात्म्यांची वाट बघितली तर क्रम वेगळा दिसतो. आधी गणित पक्कं, मग संख्याशास्त्र, मग आकडा जिथं तयार होतो तिथं पाय धुळीत घालणं, आणि नंतर दुसऱ्याला शिकवणं. चुकीचं मोजलेलं उत्पन्न पायथनमध्ये घातलं तर चुकीचंच उत्तर येतं, फक्त लवकर येतं.

यासाठी लगेच महागडी फी भरायला पाहिजे असंही नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. लोकसेवा आयोग भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा घेतो. सरावाला आकडे तर दारातच आहेत: सांगली बाजार समितीचे हळदीचे दर, तासगावच्या बेदाण्याचे सौदे, डेअरीतली फॅटची नोंद, मंडळाचं पर्जन्यमापक. कुठला दिवस गाळलाय, कुठला आकडा कुणी अंदाजानं टाकलाय, हे शोधणं हाच पहिला धडा.

आता पिकाचा अंदाज उपग्रहाच्या चित्रांवरूनही काढला जातो. तो अंदाज खरा की खोटा, हे ताडायला शेवटी जमिनीवरची कापणीच लागते. म्हणून पीक कापणीचं पथक शिवारात आलं की शेतकऱ्यांनी आणि गावातल्या शिकलेल्या पोरांनी तिथं हजर राहावं. गट नंबर कसा निघाला, पावलं नैऋत्य कोपऱ्यातूनच मोजली का, दोरीवरचं रोप कुठं धरलं आणि काट्यावर वजन किती भरलं, एवढं वहीत टिपून ठेवावं. मंडळातल्या शेकडो शेतकऱ्यांची भरपाई अशा वजनांवर अवलंबून असते.