यादीतलं एक नाव काढायचं, पण बाकीच्यांना न हलवता! ही युक्ती देणारे ॲलन न्यूएल कोण होते?

वहीतल्या यादीतलं नाव आपण एका रेघेत खोडतो. कॉम्प्युटरला मात्र हे जड जायचं. मेमरीत यादी नंबर लावलेल्या खुर्च्यांसारखी ओळीनं ठेवलेली असायची. मधला एक उठला की मागच्या प्रत्येकाला एक खुर्ची पुढे सरकावं लागायचं.

यावर उपाय शोधणाऱ्या तिघांपैकी एक होते ॲलन न्यूएल.

त्यांचा जन्म १९ मार्च १९२७ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. १९४९ मध्ये स्टॅनफर्डमधून फिजिक्सची पदवी घेतली. पुढे गणित शिकायला प्रिन्स्टनला गेले, पण वर्षभरात ते सोडून कॅलिफोर्नियातल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये रुजू झाले.

१९५४ मध्ये तिथं ऑलिव्हर सेल्फ्रिज यांचं व्याख्यान झालं. विषय होता, आकृत्या ओळखायला शिकणारा प्रोग्राम. ते ऐकून न्यूएल यांना पटलं की मशीन फक्त आकडेमोड करत नाही, ते विचारही करू शकतं.

मग हर्बर्ट सायमन आणि क्लिफ शॉ यांच्यासोबत त्यांनी 'लॉजिक थिअरिस्ट' हा प्रोग्राम बनवायला घेतला. गणितातली प्रमेयं सिद्ध करणं हे त्याचं काम. अडचण एकच होती. विचार करताना नवे मुद्दे जोडले जातात, नको असलेले गळतात. त्यामुळे कुठल्या यादीला किती जागा लागेल, हे आधी सांगताच येत नाही.

तिघांनी काय केलं? यादीतल्या प्रत्येकाकडे पुढच्याचा पत्ता देऊन ठेवला. मधला काढायचा असेल, तर त्याच्या आधीच्याकडे थेट त्याच्या नंतरच्याचा पत्ता द्यायचा. बस्स! बाकी कुणी जागचं हलत नाही. हीच लिंक्ड लिस्ट. त्यासाठी त्यांनी आयपीएल ही भाषाच तयार केली. लॉजिक थिअरिस्टनं 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका'च्या एका प्रकरणातल्या पहिल्या ५२ पैकी ३८ प्रमेयं सिद्ध केली.

एक डोकेदुखी मात्र उरलीच. काढलेल्याची जागा मोकळी करायचं काम प्रोग्रामरचं होतं. विसरला तर मेमरी भरत जाणार, घाई केली तर वापरातलीच माहिती पुसली जाणार. पुढे जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेत ही साफसफाई आपोआप व्हायची सोय केली.

१९७५ मध्ये न्यूएल आणि सायमन यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९ जुलै १९९२ ला न्यूएल यांचं कॅन्सरनं निधन झालं.

त्यांना शोधायचं होतं माणूस विचार कसा करतो ते. त्या नादात तयार झालेली ही युक्ती आज इंजिनिअरिंगची पोरं प्रॅक्टिकलला गिरवतात.