तीन पौंडांचा कर आणि नामदार गोखले

परमुलखातून पोटासाठी आलेल्या माणसांमुळे देशाची भरभराट होते, की तिथल्या लोकांच्या तोंडचा घास जातो? हा वाद आज जगभर चालू आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत हाच वाद पेटला होता, आणि त्यात रदबदली करायला एक मराठी माणूस समुद्र ओलांडून गेला होता. त्यांचे नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावी त्यांचा जन्म झाला. वडील अकाली वारले. थोरल्या बंधूंनी शिक्षण सोडून नोकरी धरली आणि तुटपुंज्या पगारातून धाकट्याला शिकवले. दुसऱ्याच्या कष्टांवर आपण उभे राहिलो, हे गोखले कधी विसरले नाहीत.

नाताळची गोष्ट नेमकी उलटी होती. तिथले उसाचे मळे हिंदी मजुरांच्या कष्टांवर उभे राहिले. १८६० ते १९११ या काळात सुमारे दीड लाख माणसे गिरमिटावर तिकडे गेली. मळेवाल्यांना ती हवीच होती. पण पाच वर्षांचा करार संपला की हीच माणसे भाजीपाला पिकवू लागली, छोटी दुकाने थाटू लागली. भाजी स्वस्त झाली, गिऱ्हाइके खूश झाली. गोऱ्या व्यापाऱ्यांच्या मात्र पोटात दुखू लागले. म्हणून १८९५ मध्ये कायदा झाला: करार संपल्यावर मायदेशी परत जा, पुन्हा गिरमिट घ्या, नाहीतर दरसाल तीन पौंड कर भरा. गिरमिट्याची सुरुवातीची मजुरी महिना दहा शिलिंग, म्हणजे हा कर सहा महिन्यांच्या मजुरीएवढा! तो बायकांवर आणि वयात आलेल्या मुलामुलींवरही होता.

गोखल्यांनी वर्मावर बोट ठेवले. माणूस म्हणून राहू देणार नसाल, तर मजूर तरी कशाला न्यायचे? १९१० मध्ये त्यांनी कायदे कौन्सिलात ठराव आणला, आणि १९११ पासून नाताळसाठी मजूरभरती थांबली.

१९१२ मध्ये मधुमेहाने पोखरलेले शरीर घेऊन ते स्वतः तिकडे गेले. जोहान्सबर्गच्या कोकणी मुसलमानांपुढे ते मराठीत बोलले आणि त्याचा हिंदुस्तानीत तर्जुमा गांधीजींनी केला. प्रिटोरियात ते बोथा आणि स्मट्स या मंत्र्यांना भेटले. वर्षभरात कर रद्द होईल, या समजुतीने ते परतले. गांधीजींना मात्र शंका होती, आणि ती खरी ठरली. कर उठला नाही.

१९१३ मध्ये खाणींतल्या आणि मळ्यांतल्या हजारो मजुरांनी संप केला. बायकामुलांसह माणसे ट्रान्सव्हालच्या सरहद्दीकडे चालू लागली. इकडे आजारी गोखले त्यांच्यासाठी निधी जमवीत होते. अखेर १९१४ मध्ये कर रद्द झाला. गोखल्यांच्या हाती त्यानंतर फार दिवस नव्हते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी, ते गेले. गिरमिटाची भरती १९१७ मध्ये बंद पडली, ते पाहायला ते नव्हते.

कुणाला देशात घ्यावे, किती घ्यावे, हा वाद चालतच राहील. पण ज्यांच्या घामावर मळे पिकले, त्यांना पीक हाती आल्यावर हाकलता येत नाही. गोखल्यांनी ज्यासाठी आपला देह झिजवला, ते एवढेच.