बंगळुरूच्या तुरुंगातील प्राध्यापक

जून १९७५च्या अखेरीस प्रा. मधु दंडवते बंगळुरूस गेले होते ते पक्षांतरविरोधी विधेयकावरील संयुक्त संसदीय समितीच्या कामासाठी. संसदेच्याच कामावर असलेला राजापूरचा हा खासदार २६ जून रोजी अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांच्यासह स्थानबद्ध झाला.

अहमदनगरला १९२४ साली जन्मलेले दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत. गोवामुक्तीच्या लढ्यातही ते होते. आणीबाणीत पत्नी प्रमिलाताई येरवड्याला आणि ते बंगळुरूला, अशी स्थिती होती; दोन तुरुंगांमधील पत्रे हाच काय तो संसार.

चौघांनी कर्नाटक उच्च न्यायालयात धाव घेतली. प्रश्न एकट्या सुटकेचा नव्हता. स्थानबद्धाला बेकायदा वागविले, तर त्याने दाद मागावी कोठे? १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रभाकर संझगिरी या स्थानबद्ध मार्क्सवादी नेत्याला अणुविज्ञानावरील मराठी पुस्तक छपाईसाठी तुरुंगाबाहेर पाठविण्याचा हक्क मान्य केला होता. (विषय नेमका दंडवते यांच्या अध्यापनातला!) उच्च न्यायालयाने याचिका सुनावणीयोग्य ठरविल्या. पुढे न्या. डी. एम. चंद्रशेखर व न्या. सदानंदस्वामी यांच्या राज्याबाहेर बदल्या झाल्या, हा योगायोग मानणे कठीण आहे. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी दार बंद केले. तुरुंगातील वागणुकीच्या तक्रारींनाही नंतर तोच न्याय लागला.

१९७७ साली राजापूरने त्यांना पुन्हा निवडून दिले आणि कालचा कैदी रेल्वेमंत्री झाला. १९७४च्या संपात बडतर्फ झालेले कर्मचारी त्यांनी परत घेतले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आणल्या. कोकण रेल्वेचा ध्यास तर कोकणी माणसाला सांगावयास नको. ते ज्या मंत्रिमंडळात होते, त्याच्याच काळात ४४वी घटनादुरुस्ती झाली आणि आणीबाणीतही जीविताचा हक्क स्थगित करता येणार नाही, असे ठरले. १९८९ मध्ये ते अर्थमंत्री झाले.

१२ नोव्हेंबर २००५ रोजी त्यांचे निधन झाले. १९७६चा तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मोडीत काढला. तसे लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे १९७६च्या बहुमतातील न्या. यशवंतराव चंद्रचूड यांचे पुत्र. आणि त्या खटल्यातील याचिकाकर्ते पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायाधीश.