आश्रयाकडून अधिकाराकडे : विष्णु दिगंबर पलुसकर

निपाणीजवळच्या बोरगावहून महाराष्ट्राची हद्द ओलांडली, की इचलकरंजी, कुरुंदवाड, नरसोबाची वाडी आणि मिरज ही गावे एकाच टापूत भेटतात. एकोणिसाव्या शतकात येथे राज्यांच्या आजच्या सीमा नव्हत्या. होती ती लहानमोठी संस्थाने. त्यांपैकी कुरुंदवाडात १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म झाला. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार होते.

बालपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्याने डोळ्यांना इजा झाली आणि दृष्टी अत्यंत अधू झाली. त्यामुळे शालेय शिक्षण खुंटले. अंध मुलांसाठी भारतातील पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला निघाली. कृष्णाकाठच्या मुलाला तिचा काय उपयोग! मिरजेत उपचार करणाऱ्या डॉ. भडभडे यांनी त्याला गायन शिकविण्याचा सल्ला दिला. मिरज संस्थानच्या आश्रयाने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ग्वाल्हेर गायकीची खडतर तालीम सुरू झाली.

डोळे अधू झालेल्या मुलाला गाण्याकडे वळविण्यात कणव होती, तशी मर्यादाही होती. गाणे येऊनही गवयाचे पोट धन्याच्या मर्जीवरच अवलंबून असे. सभ्य समाजात त्याला मानाचे स्थान नव्हते. १८९६ साली पलुसकरांनी मिरज सोडली आणि दरबारी आश्रयाऐवजी लोकाश्रयाचा मार्ग धरला. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. कलावंत हा आश्रित नसून कष्टाचे मोल घेणारा व्यावसायिक आहे, हेच त्यातून सिद्ध झाले.

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ते राजाच्या खजिन्यावर नव्हे, तर लोकांच्या देणग्यांवर आणि मैफलींच्या उत्पन्नावर चालले. ठरलेला अभ्यासक्रम, परीक्षा आणि छापील क्रमिक पुस्तके यांमुळे घराण्याबाहेरच्या मुलामुलींनाही संगीताचे दार उघडले. दृष्टी अधू असलेल्या या गायकाने स्वतःची स्वरलेखनपद्धती घडविली, हे विशेष होय. १९०८ साली मुंबईत शाखा निघाली. पुढे इमारतीच्या कर्जापायी ती वास्तू गमवावी लागली, तरी ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर यांच्यासारख्या शिष्यांनी कार्य पुढे नेले. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्षांनी आक्षेप घेतला असतानाही पलुसकरांनी ‘वंदे मातरम्’ पूर्ण गायिले.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभारले. त्याच्या परीक्षांना आज गोव्यातील विद्यार्थीही बसतात.

पलुसकरांचे मोठेपण सांगताना त्यांनी अंधत्वावर मात केली, एवढेच म्हणून थांबणे अपुरे ठरेल. त्यांना वेळेवर वैद्य, गुरू आणि आश्रय लाभला. त्याच गावच्या दुसऱ्या एखाद्या अंध मुलाला तो लाभलाच असता असे नाही. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ याने शिक्षण हा कृपेचा नव्हे, अधिकाराचा विषय ठरविला. संगीतशिक्षण दरबारातून लोकांत आणणाऱ्या पलुसकरांच्या कार्याची दिशाही तीच होती. सीमेच्या अलीकडे वा पलीकडे, कोणत्याही गावातील दिव्यांग मुलाचे शिक्षण कोणा उदार माणसाच्या भेटीवर अवलंबून राहू नये, एवढे तरी त्यांच्या चरित्रातून आपण घ्यावे.